विंचवाचं बिऱ्हाड : बडोद्याच्या बँडने पहिला परगावचा दौरा कसा आखावा

सकाळी पावणेनऊ वाजता दादरच्या पुलावर २२ इंची किक ड्रम (पायाने वाजवायचा सर्वांत मोठा ड्रम) कवेत घेऊन उभं राहिलं की लोक काय काय म्हणतात, ते इथे लिहिता येणार नाही. पश्चिम रेल्वेच्या फलाटावर आमचा ड्रमर निम्म्या सामानापाशी, पुलावर मी त्या ड्रमसकट, आणि पलीकडे मध्य रेल्वेच्या बाजूला गायक दोन बॅगांवर बसलेला. सगळं पलीकडे न्यायला तीन फेऱ्या लागणार होत्या. दुसरी फेरी चालू असतानाच पुण्याची गाडी निघून गेली. संध्याकाळी पुण्यात पोचलो तर स्टेजवर आमच्यापेक्षा चांगलं ड्रमकिट मांडून ठेवलेलं. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्यात एक नियम आहे. बँडचं सगळं सामान सगळ्यांनी मिळून एका फेरीत उचलता आलं पाहिजे. दुसरी फेरी लागली की काहीतरी घरी ठेवायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते बिऱ्हाड विंचवाला उचलता येतं म्हणून पाठीवर असतं. तारखा, जागा, पैसे, मुक्काम यांतलं जवळजवळ सगळं मला नंतर या एका फेरीवरूनच सुटत गेलं, म्हणून खालच्या पायऱ्याही त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात कुणाच्या तरी माडीवर तालीम करणारा, कॉलेजच्या फेस्टमध्ये आणि दोन-तीन कॅफेंमध्ये वाजवून झालेला, चार-पाच जणांचा, स्वतःची गाणी असलेला बँड मी समोर धरलाय. दौरा छोटाच घ्या. बुधवारी सुरत, गुरुवारी मुंबई, शनिवारी पुणे, रविवारी परत. नोकरी करणाऱ्यांना तीन दिवसांची रजा पुरते.

पहिली पायरी : चाळीस मिनिटं आणि अहमदाबाद

परगावी नवख्या बँडला तीस ते पंचेचाळीस मिनिटं मिळतात. म्हणजे सात-आठ गाणी. त्यांचा क्रम आधी ट्यूनिंग बघून लावा, भावना नंतर. ड्रॉप-डीची (सर्वांत जाड तार एक सूर खाली उतरवलेली) गाणी एकापाठोपाठ घ्या, नाहीतर दर दोन गाण्यांनी गिटारवाला मान खाली घालून ट्यून करत बसतो आणि गायक 'कसे आहात?' म्हणून तिसऱ्यांदा विचारतो. हा क्रम तालमीत उभं राहून, न थांबता, घड्याळ लावून किमान पाच वेळा वाजवा. बसून तालीम करणाऱ्या बँडचे पट्टे कधी खांद्यावर नीट बसलेले नसतात, आणि ते स्टेजवरच कळतं.

मग एक संध्याकाळ अहमदाबादला वाजवून या. द्रुतगती मार्ग ९३ किलोमीटरचा आहे, रात्री घरी परत येता येतं. हा दौरा नव्हे, रंगीत तालीम. किती पिशव्या झाल्या, कोण काय विसरलं, गाडीत काय मावलं नाही, याची यादी परत येतानाच करा. आमच्या यादीत पहिली ओळ होती : 'हाय-हॅटचा क्लच घरी.' हाय-हॅट म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी. क्लच तळहाताएवढी वस्तू, पण ती नसली की वरची झांज खालच्या झांजेवर नुसती पडून राहते.

दुसरी पायरी : तारखा

बडोद्यात राहणाऱ्याला नवरात्र सोडा असं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. त्या नऊ रात्री गावातले साउंडवाले, कीबोर्डवाले, ड्रमर सगळे गरब्यात असतात. आमचा ड्रमरही ऑक्टोपॅड घेऊन एका ऑर्केस्ट्रात बसतो. त्यावरून त्याची टिंगल करणारे आम्हीच, आणि दौऱ्याच्या तिकिटांसाठी त्याच कमाईतून उसने घेणारेही आम्हीच. १४-१५ जानेवारीला उत्तरायण. त्या दोन दिवसांत गच्चीवरून कुणाला खाली उतरवून दाखवा! महाराष्ट्राच्या बाजूला गणपतीचे दिवस टाळा, आणि २ ऑक्टोबरसारखे ड्राय डेही, कारण त्या दिवशी तिकडच्या बऱ्याच जागा बंदच असतात. पावसाळ्यात गिटारची मान हवेबरोबर हलते आणि गाड्या उशिरा धावतात. ३१ डिसेंबरला नवख्यांना कुणी उभं करत नाही. एवढं वजा केलं की नोव्हेंबरचा शेवट, डिसेंबरचा मध्य, जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उरतो. पुरे झाला.

शुक्रवार-शनिवार मागून घेण्याच्या नादी लागू नका. त्या रात्री नाव असलेल्यांना जातात. बुधवार-गुरुवार तुमचे. शनिवार मिळवायचा एकच मार्ग आहे : तिथल्या बँडच्या आधी वाजवणं. त्यासाठी तो बँड आधी ओळखीचा करायला लागतो.

तिसरी पायरी : शेजारची वाटी

आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर नाहीतर निदान चार शेंगदाणे तरी घालतात. दौऱ्याची खरी व्यवस्था हीच आहे. प्रत्येक गावात एक बँड शोधा, साधारण तुमच्याच वयाचा, तुमच्याच पातळीचा. त्यांची गाणी खरोखर ऐका. मग लिहा : 'तुमच्या गावात तुमच्याबरोबर आम्हाला वाजवायचंय. सहा महिन्यांत तुम्ही बडोद्याला या, जागा, ड्रमकिट, अँप आणि मुक्काम आमच्याकडे.' जागेच्या मालकाला पाठवलेल्या दहा मेलपेक्षा हा एक निरोप जास्त काम करतो.

कारण सरळ आहे. पुण्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही. त्या बँडला निदान चाळीस जण ओळखतात, आणि त्यातले बरेचसे वर्गमित्र असले तरी तिकीट काढून येतात. शिवाय ड्रमकिट आणि अँप त्यांच्याच गावात आहे. म्हणजे आपल्या एका फेरीतलं निम्मं वजन त्यांनी आधीच उचललेलं असतं.

वाटी भरून परत द्यायची मात्र आहे. बडोद्याला येतो म्हणणाऱ्या बँडला नंतर 'सध्या जमत नाही' म्हणणारे आमच्याच गावात निघाले आहेत, आणि त्यांचं नाव निघालं की पुण्यातली मुलं गप्प बसतात.

चौथी पायरी : जागेवाल्याशी बोलणं

बडोद्याहून जाणाऱ्यांची इथे हमखास गडबड होते. गुजरातेत दारूबंदी. १९४९चा मूळ मुंबई इलाख्याचा कायदा राज्य वेगळं झाल्यावरही इथे चालू राहिला. त्यामुळे आपल्या कॅफेंचा हिशेब कॉफी, सँडविच आणि तिकिटावर असतो, लोक साडेसातला येतात आणि घरचे दहाला फोन करतात. मुंबई-पुण्यातल्या अनेक छोट्या जागा मात्र बारच्या गल्ल्यावर चालतात. म्हणून तिथला माणूस गाणी न ऐकताच पहिल्यांदा विचारतो, 'किती माणसं आणाल?' पहिल्या वेळी आम्हाला हा अपमान वाटला होता. तो त्याचा साधा हिशेब आहे. रात्रभर दिवे, साउंड आणि सहा नोकर चालवायचे तर समोर खाणारे-पिणारे हवेत. त्याला खोटा आकडा सांगू नका. 'आमचे पंधरा, तिथल्या बँडचे चाळीस' असं खरं सांगितलं तर तो त्याप्रमाणे वार देतो.

तेवढ्याच बोलण्यात आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. प्रवेशाला वयाची अट आहे का? बँडातलं कुणी २१ वर्षांखालचं असेल तर आधीच सांगा, दारावर नको. आणि कार्यक्रम बंद जागेत आहे की उघड्यावर? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागांना त्यात सवलत आहे, पण आवाज बाहेर गेला तर शेजारी फोन करतातच. गच्चीवरचा शो असेल तर तुमचं शेवटचं गाणं पावणेदहाला संपलेलं असलं पाहिजे. आधीचा बँड वीस मिनिटं लांबला तर ती वीस मिनिटं तुमच्यातून जातात, म्हणून दोन गाणी कापायची तयारी आधीच ठेवा. कुठली दोन, हे घरीच ठरवा. स्टेजवर ठरवायला गेलं की भांडण होतं.

दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर परवान्याचं कोण बघतं तेही विचारा. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम १९६९पासून आयपीआरएस ही संस्था बघते, आणि परवाना बहुतेक वेळा जागेवाला किंवा आयोजक घेतो. स्वतःच्या गाण्यांची तिथे नोंदणी करून ठेवा. मोठी रक्कम हाती लागेल असं नाही, पण गाणं आपलं आहे हे कुठेतरी लिहिलेलं असतं.

पाचवी पायरी : कागद

आमच्या सूरसागरच्या काठावर संगीत शिकवणारं जे विद्यालय आहे, त्याचं मूळ १८८६ साली मौलाबक्षांच्या गायनशाळेत आहे. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात कलावंतांसाठी वेगळं खातं होतं, आणि त्या खात्याचे लेखी नियम होते. दरबारी गवयांचा व्यवहार जर कागदावर होता, तर गिटारची चार पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची यंत्रं) घेऊन जाणाऱ्या आपण 'अरे, होईल रे' म्हणून का निघावं?

करारनामा नको, एक मेल पुरे. तारीख, पोचायची वेळ, साउंड चेकची वेळ, वाजवायची वेळ आणि मिनिटं, पैसे किती आणि कधी, तिकिटातला वाटा असेल तर कसा मोजायचा, जेवण आहे का, जागेवर काय सामान आहे, आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती दिवस आधी कळवायचं. समोरून 'बरोबर' एवढं उत्तर आलं तरी चालतं. फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी लिहून पाठवा. एका शहरात आमचा शो चार दिवस आधी फोनवरून रद्द झाला. लेखी काहीच नसल्यामुळे आम्हाला रागावतासुद्धा आलं नाही.

मेलला दोन पानं जोडा. पहिलं म्हणजे स्टेज प्लॉट. एका कागदावर वरून पाहिल्यासारखं स्टेज काढा, कोण कुठे उभा राहतो, कुणाला माइक, कुणाला वीज, कुणाला मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर). हाताने काढलेलं चालतं. दुसरं म्हणजे इनपुट लिस्ट, मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी. आमची बारा चॅनलची आहे : किक, स्नेअर (खडखडीत आवाजाचा छोटा ड्रम), हाय-हॅट, टॉम, फ्लोअर टॉम, दोन ओव्हरहेड (झांजांच्या वर लावलेले माइक), बेस, दोन गिटार, मुख्य गायक, साथीचा गायक. पण छोट्या कॅफेत आठच चॅनलचा मिक्सर निघतो, म्हणून खाली आठची यादीही दिलेली असते : किक, स्नेअर, एक ओव्हरहेड, बेस, दोन गिटार, दोन गायक. ही दुसरी यादी पाहिल्यावर साउंडवाल्याचा चेहरा बदलतो. बारा चॅनल मागून आठवर रुसणारे बँड त्याने भरपूर पाहिलेले असतात.

सहावी पायरी : सामान

आता मुख्य काम. प्रत्येक जागेकडून लेखी घ्या की ड्रमकिट आहे का (किक, टॉम, स्टँड), बेस अँप आहे का, गिटारचे अँप किती, माइक आणि केबल किती. याला बॅकलाइन म्हणतात. ती मिळाली की आपल्याबरोबर फक्त आपलं उरतं.

ड्रमरने न्यायचं ते असं : स्नेअर, झांजा, किक पेडल, क्लच, काठ्यांच्या तीन जोड्या आणि झांजांखाली घालायचे फेल्टचे तुकडे. परक्या किटवर फेल्ट कधीच नसतात. ते कुठे जातात, देव जाणे. झांजा आणि स्नेअर आपले असले की किट कुणाचंही असो, आवाज बराचसा आपला राहतो.

गिटारवाल्याने अँपचा हट्ट सोडावा. व्हॉल्व्हचा कॉम्बो अँप सहज वीस किलोंच्या वर जातो आणि त्याचं हँडल नेमकं जिन्यावर तुटतं. पेडलबोर्डात अँपचं मॉडेलिंग करणारं एक यंत्र घाला आणि सरळ मिक्सरला जोडा. जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत, अँप त्यांना उचलायचा नसतो. बेसवाल्याने म्हणजे मी डीआय बॉक्स न्यायचा. त्याने बेसचा सिग्नल लांब केबलवरून आवाज न बिघडता मिक्सरपर्यंत जातो, आणि तिथला बेस अँप मेलेला निघाला तरी शो होतो. असे दोन शो माझ्या नावावर आहेत.

एक सामायिक पिशवी करा, आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात द्या. आमच्याकडे तिला 'मावशी' म्हणतात, कारण अडलं की तिच्याकडेच जायचं. तिच्यात तारांचे जादा संच, चार जादा केबल, पेडलचा जादा अ‍ॅडॉप्टर (नऊ व्होल्ट, मधला खांब ऋण, हे तपासून, उलटा लावला तर पेडल जळू शकतं), नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, गॅफर टेप, छोटी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, विजेरी, आणि तीन पिनांचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड. मार्कर आणि कोरे कागदही, कारण गाण्यांची यादी जमिनीवर चिकटवावी लागते आणि स्टेजवरच्या लाल दिव्यात बारीक अक्षर दिसत नाही.

विकायला काही न्यायचं असेल तर स्टिकर न्या. टी-शर्ट पाच मापांत लागतात, जागा खातात, आणि नेमकं मागितलेलं माप संपलेलं असतं. स्टिकर दप्तराच्या कप्प्यात मावतात. यूपीआयचा क्यूआर कोड छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

आता सगळं अंगावर चढवा आणि घरापासून कोपऱ्यावरच्या सेव उसळच्या लारीपर्यंत चालून या. चेष्टा करत नाही. सगळ्यांनी, सगळं घेऊन, न थांबता. जमलं तर सेव उसळ खा. नाही जमलं तर आधी घरी जा आणि काय काढायचं ते ठरवा.

सातवी पायरी : रेल्वे

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहा जणांपर्यंत नावं घालता येतात, तत्काळमध्ये फक्त चार. म्हणजे पाच जणांचा बँड तत्काळवर अवलंबून राहिला तर पाचवा माणूस दुसऱ्या तिकिटावर, कदाचित दुसऱ्या डब्यात. आणि तो हमखास तोच असतो ज्याच्याकडे मावशी आहे.

स्लीपर किंवा थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. चार-पाच जणांच्या वर लिहिलेल्या सामानाला ही मर्यादा भरपूर आहे. अडचण वजनाची नसून आकाराची आहे. पेट्या आणि सुटकेससाठी १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर असं माप ठरलेलं आहे, थर्ड एसीत त्याहूनही लहान. याहून मोठी पेटी ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) बुक करून पाठवावी लागते. किक ड्रमची खोली एकटीच पंचवीसच्या वर जाते, आणि बेस गिटारची लांबी ११५-१२० सेंटीमीटर. म्हणून कडक पेटी घरी ठेवा, जाड अस्तराची मऊ पिशवी घ्या. वरच्या बर्थवर गिटार भिंतीकडे, माणूस कडेला. सुखाची झोप लागत नाही, पण सकाळी गिटार जागेवर असते.

मुंबईत कुठे उतरायचं ते जागा कुठे आहे त्यावर ठरवा. बडोद्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या बोरिवलीला थांबतात. अंधेरी-वांद्र्याकडे जायचं असेल तर तिथेच उतरून रिक्षा केलेली बरी. रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला जात नाहीत, पुढे टॅक्सी. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये झांजांची पिशवी घेऊन चढू नका, तिथे एक फेरीसुद्धा होणार नाही. मुंबई ते पुणे आम्ही आता बसने जातो. बसच्या पोटात सामान जातं, पूल चढावा लागत नाही, आणि ज्याला घाटात मळमळतं त्याला पुढची सीट देता येते. परतताना मात्र पुण्याहून बडोद्याला वसईमार्गे थेट गाडी धरा. शो झाल्यावर दादर नको.

हौशी श्रोते प्रेमाने बाटली भेट देतात. तिथेच ठेवून या. ती घेऊन गुजरातेत उतरणं म्हणजे दौऱ्याला एक नको असलेलं ठिकाण जोडणं.

आठवी पायरी : स्टेजवर

सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. पोचल्यावर पहिलं काम साउंडवाल्याचं नाव विचारणं आणि त्याला 'दादा' म्हणणं. दुसरं काम वीज तपासणं, आणि यात कुणाचीही भीड ठेवू नका. एका कॅफेत आमच्या गायकाचा ओठ माइकला लागला आणि तो एकदम मागे फेकला गेला. हातात गिटार होती. गिटार-अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि त्यातल्या एकाला अर्थिंगच नव्हतं. दोन्हींमधला विजेचा दाब त्याच्या अंगातून वाट काढत होता. तेव्हापासून मी टेस्टर गिटारच्या तारांना आणि माइकच्या जाळीला लावून बघतो. दिवा लागला तर वाजवायचं नाही. मिक्सर आणि स्टेजवरचं सगळं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यायला सांगा. घरघर थांबावी म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका.

साउंड चेकचा क्रम साधारण ठरलेला आहे : किक, स्नेअर, टॉम, झांजा, मग बेस, गिटार, शेवटी गायक. एकाचं चालू असताना बाकीच्यांनी हात तारांवरून काढायचे. नवख्या बँडची खूण हीच की साउंडवाला किक ऐकतोय आणि लीड गिटारवाला मागे सोलो वाजवतोय. मग सगळ्यांनी मिळून आपलं सर्वांत मोठ्या आवाजाचं गाणं अर्धं वाजवा, सर्वांत आवडतं नव्हे. वेळ कमी पडला तर फक्त प्रत्येक चॅनल चालू आहे ना एवढंच होईल. आठ चॅनलची यादी इथे कामाला येते.

कानात इअरप्लग घाला. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहता येतं, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आपला सेट चाळीस मिनिटांचा आहे, आणि आपल्यानंतर आणखी एक बँड आहे.

आपला सेट झाला की टाळ्या चालू असतानाच सामान स्टेजवरून खाली घ्या. गुंडाळणं, आवरणं खाली. स्टेजवर बसून शांतपणे केबल गुंडाळणाऱ्याला पुढच्या बँडच्या शिव्या बसतात. आणि दुसऱ्या बँडचा सेट पुढे उभं राहून ऐका. बाहेर जाऊन गप्पा मारू नका. त्यांच्या वाटीत आधी हे टाकायचं असतं.

नववी पायरी : मुक्काम

बडोद्याच्या मराठी घरात दादरला आत्या आणि पुण्याला मावशी असतेच. पण रात्री साडेबाराला पाच जण दारात उभे करायचे तर आईला फोन करायला लावू नका, स्वतः करा. 'आत्या, आम्ही पाच जण आहोत, उशीर होईल, जेवून येऊ, गाद्या नकोत, सतरंजी चालेल', एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा. सोसायटीच्या वॉचमनला नावं आधी कळवायला सांगा. सकाळी निघताना सतरंज्या घडी करून ठेवा आणि बडोद्याहून नेलेला लिलो चिवडा द्या. आमच्या आत्याने पहिल्या वेळी कपाळावर आठी घेऊन दार उघडलं होतं. दुसऱ्या वेळी ती शोला आली, कापूस कानात घालून, आणि नंतर म्हणाली, 'शब्द काही कळले नाहीत रे, पण तो ढोलवाला मुलगा फार घाम गाळतो, त्याला दूध देत जा.'

प्रवासात खायला घरून थेपले न्या. गायकाने शोच्या दिवशी तळलेलं आणि बर्फ टाळावं. सांगून ऐकत नाही, तरी सांगावं.

दहावी पायरी : पैसे

एक वही आणि एक खजिनदार, जो गात नाही. गायकाकडे सगळे बोलायला येतात, त्यामुळे तो हिशेब विसरतो. निघायच्या आधी पूर्ण दौऱ्याचा खर्च काढा. तिकिटं, रिक्षा-टॅक्सी, बस, जेवण, तारा, आणि वर दहा टक्के. समजा १८,००० झाले. तीन शो, म्हणजे शोमागे ६,००० हवेत. आता समजा १५० रुपयांचं तिकीट, साठ माणसं, दोन बँड आणि जागेवाला असे तीन सारखे वाटे. ९,०००चे तुमच्याकडे ३,००० आले. उरलेले तीन हजार कुठून येणार, ते निघण्याआधी माहीत असलं पाहिजे : ठरलेली किमान रक्कम, स्टिकर, किंवा आपल्याच खिशातून. पहिल्या दौऱ्यात खिशातून जातील असं धरून चाला. फक्त किती जातील ते आधी ठरवा, आणि सगळ्यांचे सारखे जाऊ द्या.

दाराशी आपला एक माणूस ठेवा. डोकी त्यानेही मोजावीत. संशय म्हणून नव्हे, दोन वह्या जुळल्या की बोलणं दोन मिनिटांत संपतं म्हणून. रक्कम त्याच रात्री घ्या. 'सोमवारी टाकतो' म्हणणाऱ्या एका जागेचा सोमवार आमच्यासाठी सात आठवड्यांनी उजाडला.

परत आल्यावर

रविवारी रात्री बडोदा स्टेशनावर उतरल्यावर घरी पळण्याआधी फलाटावरच पिशव्या मोजा. आमच्या नऊ असतात. मग दोन दिवसांत तीन कामं करा. हिशेब सगळ्यांना पाठवा. प्रत्येक जागेवाल्याला आणि साउंडवाल्या दादाला आभाराचा निरोप पाठवा. आणि तिथल्या बँडला त्यांच्या सेटची तुम्ही काढलेली चित्रफीत पाठवून खाली विचारा, 'कधी येताय?'

पुण्याची मुलं फेब्रुवारीत येत आहेत. किट आमचं, अँप आमचे, गाद्या माझ्या घरी माडीवर. त्यांना कळवलंय की फक्त स्नेअर, झांजा आणि पेडल आणा. आणि क्लच. क्लचच्या खाली मी दोनदा रेघ मारली आहे.